कैऱ्यांवरचा दगड

आईला दगड हवा होता. ओमानमधल्या दार्सैतच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिने मिठाच्या पाण्यात कैऱ्या घातल्या होत्या, आणि त्या तरंगू नयेत म्हणून मी बरणीत पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली दाबून ठेवली होती. या सोयीबद्दलचं आपलं मत ती आठवडाभर जेवताना ऐकवत होती. इथल्या मराठी मंडळाची सहल कुरियातकडच्या धरणावर जाणार म्हटल्यावर तलाव, बाग, झोपाळे यांतलं काहीच तिच्या डोक्यात शिरलं नाही. नदी आहे म्हणजे गोटे असणार, एवढंच.

बाग उंचावर आहे. हिरवळ, सावलीला छपऱ्या, आणि खाली उघड्या डोंगरांमध्ये अडवलेलं निळं पाणी. जेवणाआधी मंडळाच्या अध्यक्षांनी स्थळाचा इतिहास सांगायला माइक हातात घेतला. ते माइकशिवाय चहाही मागत नाहीत. पूर्वी इथल्या वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीला, पूर यायचा आणि पाणी समुद्रात जायचं. मग धरण झालं आणि माणसाने पाण्याला शिस्त लावली, असं ते म्हणाले. तेवढ्यात बागेचा ओमानी रखवालदार पुढे आला आणि हिंदीत शांतपणे म्हणाला की कोणी खाली उतरू नका, डोंगरात पाऊस आहे, वादी येईल. अध्यक्षांनी त्याचे आभार मानले आणि पुढचं पान उलटलं. आमच्यावर तर लख्ख ऊन होतं.

मी शेजारी पाहिलं. आईची खुर्ची रिकामी होती.

कुठे गेली असेल ते कळायला वेळ लागला नाही. बागेच्या उतारापलीकडे एक छोटी वादी होती. धरणात न येणारी, पांढऱ्या गोट्यांनी भरलेली. येताना तिने गाडीतून मान वळवून ती पाहिली होती. आमच्या गावची नदी आधी माणसाला भिजवते, मग वाढते. सत्तर वर्षं तिने तशीच नदी पाहिलेली.

मी उतारावरून धावलो, रखवालदार माझ्या मागे. आई पलीकडच्या काठाशी वाकून गोटे पारखत होती. मी हाक मारणार तोच वरच्या वळणावरून खडी ओतल्यासारखा आवाज आला. मग पाणी आलं. तांबडं, काटक्या आणि डबे पुढे ढकलत, फारसं उंचही नाही. बघता बघता आमच्यामधली कोरडी जागा भरून गेली.

ती सुखरूप होती, पण पलीकडे होती. मी ओरडलो ते मला स्वतःलाही ऐकू आलं नाही. बस, बसून राहा, असं मी दोन्ही हातांनी खुणावत राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं, दगड काखेत धरला आणि वाकून चपला काढून हातात घेतल्या.

चपला हातात घेतलेली आई मी लहानपणापासून पाहिली आहे. त्यानंतर ती नदी ओलांडते.

मी पुढे झालो तर रखवालदाराने माझा दंड पकडला. "तुम उतरेगा, तो माँ भी उतरेगा," तो म्हणाला. तिने एक पाय पाण्यात टाकला. पाणी घोट्यापर्यंतच होतं. ती तशीच उभी राहिली, खाली बघत. मागे उतारावर माइकवरून कोणीतरी सर्वांनी शांत राहावं असं सांगत होतं.

तिने पाय मागे घेतला. चपला खाली ठेवल्या आणि त्यांवर बसली.

पाणी ओसरेपर्यंत आम्ही दोघं असेच समोरासमोर बसून होतो. ती उठली की मी उठायचो. ऊन कललं तेव्हा रखवालदार तिला हात धरून घेऊन आला. गाडीत तिने दगड मांडीवर घेतला. परतीच्या वाटेवर शहराअलीकडच्या अमेरातचे दिवे दिसायला लागले, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"पाण्याखाली गोटे चालत होते रे," ती म्हणाली. दगडावरचे हात तिने घरापर्यंत काढले नाहीत.