तोफकाकांच्या पाच गोळ्या

आमच्या बँकेच्या दारात एकोणीस वर्षं बंदूक घेऊन उभा असलेला माणूस आवाजाला घाबरतो, हे शाखेतल्या सगळ्यांना माहीत होतं आणि बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच आम्ही त्यांचं नाव तोफकाका ठेवलं होतं. मी पासबुकं छापायच्या खिडकीवर बसतो आणि माझी खिडकी दाराच्या अगदी समोर आहे. कुणी रागानं शिक्का आपटला की काकांचे डोळे गच्च मिटायचे आणि खांदे कानांपर्यंत जायचे. लोकांना वाटायचं, काय करडी नजर आहे या माणसाची.

बंदूक काकांच्या चुलत्यांची, जुनी दुनळी. चुलते वारले तेव्हा ती काकांकडे आली आणि बंदूक होती म्हणून बँकेची नोकरी मिळाली. त्या काळात परवान्याला फारसे सोपस्कार नव्हते. एक अर्ज आणि दोन फोटो दिले की झालं. परवाना देणाऱ्या साहेबांनी विचारलं होतं, "चालवता येते का?" काका म्हणाले होते, "येईल." तेवढ्यावर शिक्का बसला. त्यानंतर ते 'येईल' तसंच राहिलं.

काकांनी बंदूक पुसायची कधी चुकवली नाही. रोज सकाळी दुनळी मधून उघडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून बघायचे, जशी आपण दुधाची पिशवी फुटलीय का बघतो. पण एक गोळी झाडली असेल तर शपथ. बाकी दिवसभर त्यांचं काम म्हणजे म्हाताऱ्यांना स्लिपा भरून देणं, दोरीला बांधलेलं पेन पुन्हा बांधणं आणि लोकांच्या छत्र्या सांभाळणं. कुणी विचारलं, "काका, यात खरंच गोळ्या असतात का?" तर म्हणायचे, "आहेत असं समजूनच वागायचं."

मग परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली आणि या खेपेला अर्जाला एक नवीन पान जोडलेलं निघालं. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र जोडावं, असं त्यावर लिहिलं होतं. दोन दिवस वर्ग आणि तिसऱ्या दिवशी मैदानावर पाच गोळ्या. मॅनेजर मॅडमनी ते पान काकांना वाचून दाखवलं.

"मॅडम, वर्ग दोनाचे चार दिवस केले तरी चालतील," ते म्हणाले. "पण ते पाच गोळ्यांचं काही करता येईल का?"

"काय करणार?"

"मी बघत उभा राहीन. दुसऱ्या कुणीतरी झाडाव्यात."

मॅडम म्हणाल्या, "काका, गाडीचा परवाना काढताना गाडी शेजाऱ्यानं चालवली तर चालेल का?" काका दाराशी जाऊन उभे राहिले आणि त्या दिवशी दोन छत्र्या चुकीच्या माणसांना गेल्या.

घरी त्यांनी ही बातमी जेवताना सांगितली. काकूंनी हातातला घास खाली ठेवला. काकू म्हणजे मनात घेतलं की तडीस नेणारी बाई. "अहो, सवयीचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "अजून पंधरा दिवस आहेत. आपण सवय करू."

मुलीनं लगेच वेळापत्रक केलं. तिला सगळ्याची वेळापत्रकं करायची हौस आहे. पहिले दोन दिवस टाळ्या, मग दार आपटणं, मग फुगवलेल्या कागदी पिशव्या, मग फुगे, आणि शेवटच्या आठवड्यात माळ्यावरचं मोठं पितळी ताट. खाली तांबड्या शाईनं लिहिलं, 'आवाज न सांगता काढावा.'

काकूंनी हे वाक्य फार मनावर घेतलं. काका पेपर वाचत असले की मागून फाट. मोजे घालत असले की फाट. एकदा तर त्यांना अंघोळीला जाऊ दिलं, शांतपणे टॉवेल दिला आणि दाराला कान लावून पाणी ओतायचा आवाज थांबायची वाट पाहिली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई वर येऊन विचारून गेल्या, "घरात सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," काकू म्हणाल्या. "यांचा अभ्यास चाललाय."

अभ्यासाचा परिणाम असा झाला की काका दचकायचे कमी झाले, पण सतत आवाजाची वाट बघायला लागले. काहीतरी होणार असं वाटलं की आपलं आपणच हळूच म्हणायचे, "आलं." बँकेत मॅडम नुसत्या खुर्चीतून उठल्या तरी दारातून ऐकू यायचं, "आलं."

बाराव्या दिवशी काका आरशासमोर मिशी कातरत होते आणि काकूंनी मागे ताट टाकलं. अर्धी मिशी जागीच गेली. उरलेली अर्धी ठेवून उपयोग नव्हता, म्हणून तीही काढली. दुसऱ्या दिवशी पेन्शनच्या रांगेतले एक आजोबा माझ्या खिडकीशी वाकून कुजबुजले, "बाळा, घाबरू नकोस, पण दारात कुणीतरी परका माणूस बंदूक घेऊन उभा आहे." मी म्हटलं, "आजोबा, ते आपले काकाच." आजोबांनी वळून नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग काका कुठे गेले?"

प्रशिक्षणाला एकूण चारजण होते. काका, एक दाताचे डॉक्टर, एक फळबागवाले आणि काळा चष्मा लावून वर्गात बसणारे एक कंत्राटदार. शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांनी पहिल्या तासाला फळ्यावर तीनच गोष्टी लिहिल्या. बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळी कुणाकडे वळवू नका. झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापावर ठेवू नका. "हे तीन पाळले तर बाकी सगळं मी माफ करीन," ते म्हणाले.

सरावासाठी लाकडी बंदुका होत्या. कंत्राटदारांना बोलताना हात हलवायची सवय, त्यामुळे त्यांची बंदूक वर्गभर पंख्यासारखी फिरत होती. काका त्यांच्या शेजारी. नळी आपल्याकडे आली की काका एका बोटानं ती खिडकीकडे वळवायचे, लहान मुलाचं तोंड ताटाकडे वळवावं तशी. दोन दिवसांत हे त्यांनी शंभर वेळा केलं असेल. उस्ताद नुसते बघत होते. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं, दाढ बघून घ्यायला गेलो होतो तेव्हा. तोंडात आरसा असल्यामुळे मला हसताही येईना.

तोंडी परीक्षेत उस्तादांनी काकांना विचारलं, "घरी बंदूक कुठे ठेवता?"

"कुलपात."

"काडतुसं?"

"दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या कुलपात."

"किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक बायकोकडे."

"आणि समजा, रागाच्या भरात तुम्हाला दोन्ही हवं झालं तर?"

काकांनी विचार केला. "तर बायकोकडे किल्ली मागावी लागेल. ती विचारणार, कशाला हवी. मग तिला पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल. तोपर्यंत राग कुठला राहायला."

उस्तादांनी पूर्ण गुण दिले आणि उत्तर आपल्या वहीत उतरवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी काकांना चांदमारीच्या मैदानावर मीच स्कूटरवरून सोडलं. रस्ताभर ते मागे बसून "आलं, आलं" म्हणत होते; रस्त्यात खड्डे होते म्हणून मला वाटलं, खड्ड्यांबद्दल बोलतायत. मी तारेच्या कुंपणाबाहेर थांबलो. आत मातीचा उंच बांध, त्यापुढे चार कागदी निशाणं, आणि अलीकडे एका टेबलावर चार कानपट्ट्या ठेवलेल्या, चांगल्या जाड, खोबऱ्याच्या वाट्यांएवढ्या.

काकांनी विचारलं, "या कशाला?"

"कानाला लावायला," उस्ताद म्हणाले. "आवाज लागू नये म्हणून. नियमच आहे, याच्याशिवाय मी कुणाला उभंच करत नाही."

मी लांबून बघत होतो तरी काकांचा चेहरा मला स्पष्ट दिसला. पंधरा दिवस आणि एक मिशी त्या चेहऱ्यावरून सरकत गेली.

काकांनी कानपट्ट्या अशा काही घट्ट बसवल्या की जगाशी त्यांचा संबंध संपला. रायफल तिथलीच होती, हलकी. उस्तादांनी हुकूम दिला. बाकी तिघांनी झाडलं. काका रायफल रोखून, बोट चापाच्या बाहेर सरळ ठेवून, पुतळ्यासारखे उभे राहिले. उस्तादांनी पुन्हा हुकूम दिला. काका शांत. असं चारेक मिनिटं चाललं. तेवढ्यात कंत्राटदारांना आपला फोटो काढून घ्यावा असं वाटलं आणि ते भरलेली रायफल घेऊन सरळ माझ्याकडे वळले. मी कुंपणाबाहेर मातीत आडवा झालो. उस्तादांनी दोन ढांगांत जाऊन त्यांच्या रायफलीची नळी बांधाकडे फिरवली, ती काढून घेतली आणि त्यांना बाहेरच्या बाकाचा रस्ता दाखवला. पुढच्या महिन्यात पहिल्यापासून या, म्हणाले.

मग ते काकांजवळ गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

काका उडालेच. पाय उडाले, खांदे उडाले, टोपी पडली. पण रायफलीची नळी निशाणाकडून तसूभरही हलली नाही आणि बोट चापाकडे गेलं नाही. उस्तादांनी त्यांची एक कानपट्टी बाजूला केली आणि म्हणाले, "काका, असं दचकून पास होणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. आता झाडा."

उस्तादांनी कानपट्टी परत बसवली, तसा काकांनी नेम धरला, डोळे बारीक केले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आलं." फट झालं. एवढासाच आवाज, काकूंच्या ताटापुढे काहीच नाही. काकांनी मान वळवून इकडेतिकडे पाहिलं, एवढंच का, अशा चेहऱ्यानं. मग पुढच्या प्रत्येक गोळीआधी "आलं" म्हणून झाडायला लागले. डॉक्टरांना वाटलं, हुकुमाचं उत्तर असं द्यायचं असतं. तेही "आलं" म्हणायला लागले. फळबागवाले तर दोनदा म्हणाले.

पाचातल्या तीन गोळ्या काकांच्या निशाणावर लागल्या. एक बांधात गेली. एक डॉक्टरांच्या कागदावर मधोमध निघाली. डॉक्टरांच्या कागदावर सहा भोकं झाली म्हणून त्यांचं कौतुक होणार होतं, पण काका स्वतः पुढे होऊन म्हणाले, "त्यातलं एक माझं आहे, जरा चुकून गेलं."

प्रमाणपत्र मिळालं, परवाना झाला. निघताना उस्ताद काकांना म्हणाले, "बंदूक घरी असते, तर घरातल्या माणसांनीही सुरक्षिततेचं शिकलेलं बरं. पुढच्या वर्गाला बाईंना पाठवा." काकांनी निरोप घरी पोचवला. काकूंना तेवढंच हवं होतं. त्या दोन दिवस वर्गाला बसल्या, कंत्राटदारांच्या शेजारी, आणि म्हणे काकूंनी त्यांचा काळा चष्मा पहिल्याच तासाला काढायला लावला.

तिसऱ्या दिवशी काकूंनी पाच गोळ्या झाडल्या. पाचही मध्यभागी लागल्या, एका रुपयाच्या नाण्यात मावतील इतक्या जवळजवळ. उस्तादांनी कागद उजेडाकडे धरून भोकं दोनदा मोजली. काकूंनी विचारलं, "अजून मिळतील का?" मिळणार नाहीत, असं कळल्यावर त्यांनी कानपट्ट्या पुसून जागेवर ठेवल्या, कागदाची घडी करून पर्समध्ये घातली आणि घरी येऊन दुपारी मस्त झोप काढली.

सोमवारी काका बँकेत आले तेव्हा तो कागद त्यांच्या खिशात होता. प्रत्येक ग्राहकाला स्लिप भरून दिल्यावर ते तो उलगडून दाखवत होते आणि वर सांगत होते, "माझा नाही, हिचा."