सात नंबरच्या कपाटाची गाठोडी

मी चौथी शिकलेली. यवतमाळच्या एका कॉलेजात रेजा म्हणून विटा-गारा वाहायला होते. आम्ही बौद्ध होऊन तीन-चार वर्षं झाली होती. ग्रंथपालाच्या लेखी आम्ही होतो तेच होतो.

ग्रंथालयाच्या छपराचे कवेलू काढून वर स्लॅब टाकायचा होता. परीक्षा जवळ आलेली, म्हणून ते बंद ठेवायचं नाही असा प्रिन्सिपॉलचा हुकूम होता. दारावर पाटी लावली, ग्रंथालय चालू आहे. आत अर्ध्या खोल्यांना छत नाही. शिपाई कपाटं रिकामी करायचे, पुस्तकं चादरीत बांधायचे आणि आम्ही ती गाठोडी डोक्यावरून मागच्या खोलीत नेऊन रचायचो. ग्रंथपालानं पहिल्याच दिवशी बजावलं, "बायांनी पुस्तकाला हात लावायचा नाही." गाठोड्यावर ना आकडा, ना चिठ्ठी.

माझा धाकटा दीर त्याच कॉलेजात शिकत होता. डोक्यावर टोपलं घेतलेली मी समोर आले की तो भिंतीकडं पाहायचा. घरीही त्यावर बोलायचा नाही. सोबतच्या पोरांना कळू नये, एवढंच त्याचं म्हणणं असावं.

एका सकाळी तो ग्रंथपालाच्या टेबलाशी उभा होता. मी गारा घेऊन दारातून चालले होते.

"सर, परीक्षा सोमवारी आहे. त्या पुस्तकाची एकच प्रत आहे."

"चार दिवस तेच ऐकतोय. सात नंबरच्या कपाटातलं आहे ते. ढिगात कुठं शोधू? काम संपल्यावर ये."

"काम संपेस्तोवर परीक्षा होऊन जाईल, सर."

"मग पुढच्या वर्षी दे."

मी टोपलं खाली ठेवलं. "सात नंबरची गाठोडी मीच नेली. खिडकीखाली हायेत."

"तुला कोणी विचारलं?"

"कोणी इचारलं नाही, म्हणूनच सापडत नाही."

त्यानं शिपायाला हाक मारली. शिपाई म्हणाला, "साहेब, माही कंबर धरली हाये." मग मीच आत गेले. वरची दोन गाठोडी बाजूला केली. तिसऱ्याची गाठ सुटेना, ती दातांनी सोडली.

"हात लावू नको म्हटलं ना!" ग्रंथपाल दारात येऊन ओरडला.

"डोक्यावर चालते, हातात चालत नाही काय? कायले वाहून घेतलं मंग?"

वाचत बसलेली पोरं हसली. दीर लालबुंद झाला. "वयनी, चूप ऱ्हाय!"

तोंडातून निघून गेलं ते. पोरांचं हसू थांबलं. सगळे आधी माझ्याकडं, मग त्याच्याकडं पाहू लागले.

मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, "या भाऊजी, कोणतं तुमचं, घ्या." तो आला, माझ्या तोंडाकडं न पाहता वाकला, पुस्तक उचललं आणि माझ्याकडं पाठ करून बसला.

संध्याकाळी मुकादम म्हणाला, "उद्यापासून येऊ नको बाई. साहेबाचं तसं सांगणं हाये."

घरी दीर जेवला नाही. "तमाशा करायची काय गरज होती?"

"पुस्तक भेटलं का?"

"भेटलं."

"मंग वाचा."

तो पास झाला. पुढं नोकरीला लागला, बायकोला घेऊन दुसऱ्या गावी गेला. त्याच्या साहेब लोकांसमोर त्यानं मला कधी नेलं नाही. मीही गेले नाही.