उरल्या तीन बोटांचं गाणं

आक्का बावीस वर्षं इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालत होत्या. दोघींनी समोरासमोर चार कोपरे धरायचे, ताणायचं, झटकायचं आणि एकमेकींकडे चालत यायचं. ताल चुकला की धुतलेली चादर फरशीवर लोळलीच. म्हणून तिथं गाणी. सुपरवायझर कुरकुरायचा, "हे इस्पितळ आहे, लग्नघर नाही."

"मग घड्या तुम्ही घाला," आक्का म्हणायच्या, आणि पुढचं कडवं उचलायच्या.

एकदा विद्यापीठातली संशोधक पोरगी आली. कामाच्या जागी लोक कुठली गाणी म्हणतात, का म्हणतात, हा तिचा अभ्यास. आक्कांनी तिला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात. मग आक्कांनी तिच्या हातात दोन कोपरे दिले. "बसून ऐकायचं नाही हे. आधी ओढ." आठवड्याभरात पोरीचे खांदे भरून आले, पण ताल बसला. तेव्हा कुठं रेकॉर्डर सुरू झाला.

सहा महिन्यांनी विद्यापीठाच्या सभागृहात त्या गाण्यांचा कार्यक्रम होता. लाँड्रीतल्या बायकांना पहिली रांग. पोरीचे प्राध्यापक बोलायला उभे राहिले. पडद्यावर ओळी आल्या:

खा रे रोलरा, बोटं दोन,
उरल्या तिनांचा मालक कोण?

खाली लिहिलं होतं, 'रचना: अज्ञात'.

"दोन बोटं म्हणजे जन्म आणि मृत्यू," प्राध्यापक सांगू लागले.

आक्का उठल्या. "साहेब, बोटं म्हणजे बोटं. माझ्या सासूची. इस्त्रीच्या रोलरात गेली. महिन्यानं कामावर आली ती हे गाणं घेऊनच. अज्ञात कशी होईल?"

प्राध्यापक समजुतीनं हसले. "लोकगीत सगळ्यांचं असतं, बाई. त्याला एक कर्ता नसतो."

"सगळ्यांचं आहेच. मग करणारीचं नाव लिहिलं तर कुणाचं काय जातंय?"

मागून पोरगी उभी राहिली. "सर, माझ्या वहीत नाव होतं. तुम्ही खोडलंत."

आक्का शांतपणे म्हणाल्या, "परवानगीच्या कागदात लिहिलंय, ती केव्हाही परत घेता येते. हिनंच मला वाचून दाखवलंय. नाव लिहा, नाहीतर गाणी परत द्या." पाठोपाठ पहिली रांग उठली आणि सगळ्याजणी बाहेर पडल्या.

गाण्यांवाचून पोरीचा प्रबंध रखडला. "आक्का, मी नाही सोडायची," एवढंच ती म्हणाली. महिन्याभरानं विद्यापीठाकडून गाण्याच्या नोंदीचं दुरुस्त केलेलं कार्ड आलं: 'रचना: आक्कांच्या सासूबाई'. आक्कांनी ते तस्संच परत धाडलं. "सासू ती मी आल्यावर झाली. गाणं त्याआधीचं."

पुढच्या खेपेला सासूबाईंचं स्वतःचं नाव आलं, पूर्ण. खाली 'लाँड्री कामगार'.

"तुला काय पडलंय एवढं?" असं इतके दिवस म्हणणारा आक्कांचा नवरा आईचं फलकावर छापलेलं नाव बघायला रजा टाकून विद्यापीठात गेला. संध्याकाळी परतला तो डोळे लाल करून.

"नावातला एक काना राहिलाय," म्हणाला.

आक्कांनी पोरीला फोन लावला.