गाण्याखालचा आवाज

“परत लाव.”

माझ्या मागे खुर्ची ओढून बसायचं आणि एवढंच म्हणायचं, हे मावशींचं काम. सीडी अडकली, परत लाव. पडदा काळा झाला, परत लाव. मी वैतागून मान वळवली तरी त्या माझ्याकडे बघतच नसत, त्यांची नजर पडद्यावर.

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या इमारतीत मी घरबसल्या लग्नपत्रिका तयार करून देते. त्यासाठीचा माझा जुना कॉम्प्युटर हा सीडी घालता येईल असा इमारतीतला शेवटचा. खालच्या मजल्यावरच्या मावशींना हे कुठून कळलं कोण जाणे. एका सकाळी पत्र्याची पेटी कडेवर घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, दुकानदार ‘नाही’ म्हणाला की पायरीवर बैठक मारणारी. त्यातल्या त्या.

पेटीत काकांच्या सीड्या होत्या. काका, म्हणजे मावशींचे यजमान, लग्नांचं शूटिंग करायचे. नाशिकपासून पार कळवणपर्यंत त्यांना बोलावणं असे, आणि प्रत्येक लग्नाची एक प्रत ते घरी ठेवत. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

“फोटो हाय त्यांचा, चेहरा दिसतो,” मावशी म्हणाल्या. “पण आवाज आठवंना झालाय मला. लय आठवून पाहते, येतच नाय. यात कुठंतरी असंल. तो शोध आणि टॅबात भरून दे.”

टॅब कळवणच्या लेकीने दिला होता. महिनाअखेरीला खोली सोडून मावशी तिच्याकडे कायमच्या जाणार होत्या. तिथे कुठला आलाय सीडीवाला कॉम्प्युटर? जे काही सापडायचं ते त्याआधीच.

पहिली सीडी लागलीच नाही. ड्राइव्ह नुसता घरघरला आणि गप्प झाला. मी सीडी काढून उलटी केली, तर ती चिकट. वास घेतला.

“मावशी, हिला काय लावलंत?”

“चिंच. सगळ्या भांड्यांबरोबर घासली. कशी लखलखतेय बघ!”

तांब्यापितळेला चालते ती सीडीला का चालू नये, हा त्यांचा सवाल. बाकीची पेटी चिंचेच्या तडाख्यातून वाचली हे आमचं नशीब. मग मी त्यांना मऊ कापडाने मधून कडेकडे हलक्या हाताने पुसायला शिकवलं, आणि त्या रोज दुपारी देव पुसावेत तशा सीड्या पुसत बसू लागल्या.

सीड्या लागायला लागल्या, पण काका काही बोलेनात. वरात निघाली की सिनेमाचं गाणं, नवरी पाटावर बसली की सिनेमाचं गाणं. काकांनी मिक्सिंग करताना मूळचा आवाज पुसून सगळीकडे गाणी चढवली होती. कॅमेऱ्यामागून आपण बोललेलं ऐकू आलं तर गिऱ्हाइकाला काम कच्चं वाटेल, अशी त्यांना धास्ती. इतकं चोख काम करणाऱ्या माणसाचा मला त्या दिवसांत फार राग आला.

मंगलाष्टकं तेवढी मूळच्या आवाजात होती. पण तिथे भटजी ओरडत होते आणि काका गप्प होते.

“मावशी, नाही हो यात काही,” मी एकदा म्हणालेच. “सगळी गाणीच आहेत.”

त्यांनी हातातली सीडी पेटीत ठेवली. मग एकदम खुर्ची पुढे ओढली. “घास भरवायचं काढ. तिथं नवरी नाव घेती. त्याच्यावर गाणं घालून भागंल का? पोरीकडचे भांडायला उठले असते.”

एवढं साधं मला सुचलं नव्हतं. जेवणाची पंगत दुसऱ्या सीडीत असायची. मी ती घालायला गेले आणि ड्राइव्हचा ट्रे उघडेचना. भोकात टाचणी खुपसून बाहेर काढावा, तर पुन्हा आत जाईना. शेवटी सगळा ड्राइव्हच खोलला. ट्रे ओढणारा चिमुकला रबरी पट्टा सैल पडला होता, आणि इतक्या जुन्या ड्राइव्हचा पट्टा गावात मिळेना. उकळत्या पाण्यात टाकला तर तो थोडा आखडतो, असं मी फोनवर पाहिलं. मावशींनी चहाच्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि त्यात तो पट्टा उकळला. नंतर त्याच पातेल्यात आमचा चहाही झाला.

ट्रे सरकला. पंगत दिसली. ताटात जिलबी, नवरी खाली मान घालून बसलेली, बायकांची खुसखुस. आणि अगदी जवळून, जणू माझ्या खांद्यामागून, एक घोगरा, हसरा आवाज आला.

“वहिनी, मान वर करा. आणि नाव मोठ्यानं घ्या, माझा कॅमेरा बहिरा हाय!”

मी मागे पाहिलं नाही. मागून मावशी म्हणाल्या, “सर्दी झालीय त्यांना.” मग पदराने डोळे पुसत हसल्या.

सीडीतला तो तुकडा टॅबला जसाच्या तसा चालेना. त्याचा फॉरमॅट बदलून पुन्हा भरायला आणखी दोन दिवस गेले, तोवर टेम्पो दारात आला. मी टॅब घेऊन खाली गेले. खोली रिकामी झाली होती. मावशी खिडकीच्या कट्ट्यावर टेकल्या, मी तो तुकडा लावून टॅब त्यांच्या हातात दिला.

नवरा गेलेल्या बाईला आमच्याकडे कुणी नाव घ्यायला सांगत नाही. हळदीकुंकवाला तिची पाळी आली की सगळ्या पुढच्या बाईकडे वळतात. मावशींनाही किती वर्षांत कुणी ‘नाव घ्या’ म्हटलं नसेल.

काका म्हणाले, “नाव मोठ्यानं घ्या.”

मावशी ताठ बसल्या, पदर खांद्यावर नीट घेतला. उखाणा साधाच होता, यमकही धड जुळलं नाही. टॅबातली नवरी अजून लाजतच होती. तिच्या आधी मावशींनी नाव घेतलं, आणि काकांना हवं होतं तसं, मोठ्यानं.