देवीने राखलेला पाय

आमच्या गावात माझ्या बायकोचा पाय प्रसिद्ध आहे. गुडघ्याशी कॅन्सरची गाठ होती, तरी देवीने पाय राखला, असं लोक सांगतात. इब्रामपूरपासूनचे पाहुणे येऊन बघून जातात. पाय दिसायला छानच आहे. फक्त तो वाकत नाही. आत धातूचा सांधा, त्यात दोनदा पू झाला. देवळात मांडी घालता येत नाही आणि देवीकडे पाय पसरायचा कसा? म्हणून देवीने राखलेला पाय घेऊन ती सभामंडपाबाहेर, भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसते.

डॉक्टरांनी तेव्हा दोन्ही वाटा सांगितल्या होत्या, पाय कापायचा किंवा गाठ काढून धातूचा सांधा बसवायचा. ती म्हणाली होती, कापा, मला लवकर डिचोलीला कामावर जायचंय. मी म्हटलं, देवीचा कौल घेऊ.

एकटाच गेलो. भटांनी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार. पाय कापू काय, असं गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली. मी म्हटलं, भटजी, मागणं नीट झालं नाही, परत लावा. परत उजवी. तिसऱ्यांदा मी प्रश्नच फिरवला, पाय राखू काय? देवीही कंटाळली असावी, उजवीच पडली. घरी फक्त हा तिसरा कौल सांगितला.

कारण आज लिहून टाकतो. एका पायाच्या बायकोबरोबर लग्नकार्यात मिरवायची मला लाज वाटत होती.

हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर केरीची एक बाई होती. तिचा पाय मांडीपासून गेला तेव्हा मी फार हळहळलो. परवा ती कृत्रिम पायावर उभी राहून बांगडे विकताना भेटली आणि आमची हकिगत ऐकून तीच हळहळली.

गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, सांधा सैल झालाय, बदलायचा की पाय कापायचा ते ठरवा. सवयीने मी देवळात जायला निघालो आणि दारातच थबकलो. बायको तांदूळ निवडत होती. तिन्ही कौल तिला सांगितले, लाजेसकट.

तिचा हात थांबला नाही. "देवीला तीनदा विचारलंत. मला?"

तू तर सांगितलं होतंस, असं म्हणणार होतो. ते माझ्यावरच उलटतंय हे कळलं. मग विचारलं, काय करूया?

"कापूया," ती म्हणाली. "आणि कागदावर सही मी करणार."