नाव, पासपोर्टप्रमाणे

विजयकुमार केळुसकरांना कागदावर काहीही मागता येत असे, तोंडाने मात्र मीठसुद्धा मागता येत नसे. आमटी अळणी लागली तर ते आधी बायकोकडे, अनुपमाकडे बघत, मग मिठाच्या बरणीकडे बघत, आणि तेवढ्याने भागलं नाही तर अळणीच जेवून उठत. शारजातल्या एका बांधकाम कंपनीत ते बावीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर होते. कंपनीतला प्रत्येक कागद त्यांच्या हातून जाई, आणि व्हिसाचा असो की शाळेचा, कुणाचाही फॉर्म भरायला माणसं त्यांच्याकडेच येत. विजयकुमार पहिली ओळ ठसठशीत कॅपिटल अक्षरांत लिहीत. नाव, पासपोर्टप्रमाणे. मधे वडिलांचं नाव, अक्षर न गाळता.

येत्या चौदा नोव्हेंबरला मालवणात त्यांच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. अण्णांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "येतोस मा रे?" धाकट्या भावाच्या लग्नाला विजयकुमार गेले नव्हते, घराच्या वास्तुशांतीला गेले नव्हते. दोन्ही वेळा रजा नाकारली गेली नव्हती, ती मागायचीच राहिली होती. एक्याऐंशीतला माणूस पुन्हा बोलावील याचा भरवसा नाही, हे त्यांना कळत होतं.

त्यांचे प्रोजेक्ट मॅनेजर फरदीन मर्चंट मूळचे मुंबईचे. माणूस वाईट नव्हता, पण सदा घाईत. विजयकुमार केबिनच्या दारात दिसले की ते म्हणत, "यल्ला, जल्दी विजयभाई, हँडओव्हर की फाइलें कहाँ तक आईं?" आणि संपलं. विजयकुमार रजा मागायला तीनदा आत गेले. पहिल्यांदा शनिवारची ड्युटी घेऊन बाहेर आले, दुसऱ्यांदा बिघडलेला प्रिंटर, आणि तिसऱ्यांदा अकाउंट्समधल्या सुजीतच्या वाढदिवसाचा केक.

"अहो, भिता कसले एवढे? खाणार आहे का तो?" शारजाशेजारी अजमानच्या घरी चहा गाळताना अनुपमा म्हणाली.

"बाबा, जस्ट प्रॅक्टिस," दहावीतल्या अवनीने त्यांच्या फोनवर एक ॲप उतरवून दिलं. "यू मेक युअर बॉस. यू टाइप, ही रिप्लाइज. इट्स एआय."

ॲप उघडलं आणि विजयकुमारांपुढे चेहऱ्यांची जत्राच भरली. राजे, चाचे, पऱ्या, डॉक्टर, एक बोलणारं मांजर. नवं पात्र बनवायचं बटण शोधताना त्यांचं बोट भलतीकडे पडलं आणि ते थेट एका रक्तपिपासू सरदाराच्या गढीत जाऊन पोचले. 'तुझ्या रक्ताचा गंध मला केव्हापासून येतो आहे,' सरदाराने लिहिलं. विजयकुमारांनी ताबडतोब उत्तर धाडलं, 'सॉरी सर, चुकून आलो. जाऊ का?'

सरदार म्हणाला, 'इथून कुणीही जात नाही.'

'सर, अर्जंट काम आहे. पाच मिनिटांत जाऊ का?'

चहाचं पाणी झालं तरी विजयकुमार गढीतच. शेवटी अवनीने खांद्यावरून डोकावून कपाळाला हात लावला. "बाबा! यू डोन्ट आस्क हिम! देअर्स अ बॅक ॲरो!" वर डाव्या कोपऱ्यात खरोखरच एक बाण होता. तो दाबण्याआधी विजयकुमारांनी 'थँक यू सर' लिहिलंच.

नवं पात्र बनवायचा फॉर्म मात्र त्यांच्या घरचाच होता. फॉर्म दिसताच त्यांचा जीव भांड्यात पडला. नाव: फरदीन अब्दुल करीम मर्चंट. पद: प्रोजेक्ट मॅनेजर. कंपनी: पूर्ण नाव, शाखेसकट. मग स्वभाववर्णनाचा रकाना आला. बावीस वर्षं दुसऱ्याच्या देशात नोकरी केलेला माणूस साहेबाबद्दल वाईट लिहील कसा, मग ते ॲपमध्ये का असेना? त्यांनी लिहिलं, 'कष्टाळू. दयाळू. शब्दाचा पक्का. हाताखालच्या माणसांवर जीव.' शेवटी प्रश्न होता, पब्लिक की प्रायव्हेट? लपवायला आपण काय चोरी केली आहे, असं म्हणून त्यांनी बाणेदारपणे पब्लिक निवडलं. म्हणजे ते पात्र आता जगात कुणालाही सापडणार होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

'सर, मालवणला वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, दहा दिवस रजा हवी होती,' त्यांनी लिहिलं.

'दहा का? महिनाभर जा, विजयभाई! आधी वडील, मग काम,' ॲपमधले फरदीनसाहेब म्हणाले.

विजयकुमारांचे डोळे भरून आले. मग त्यांना शोध लागला की उत्तरावर अंगठा डावीकडे सरकवला की तोच माणूस त्याच प्रश्नाचं दुसरं उत्तर देतो. पहिलं उत्तर शेवटचं नसतं, ही गोष्ट त्यांना वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळली. दुसऱ्या उत्तरात साहेबांनी अण्णांसाठी शाल पाठवली. तिसऱ्यात स्वतःच मालवणला यायला निघाले. मग रोज संध्याकाळी चहाबरोबर विजयकुमार या साहेबांशी बोलू लागले. अण्णांच्या गुडघ्यांबद्दल, आंब्याच्या कलमांबद्दल, पुन्हा रजेबद्दल. रोज रजा मंजूर होई.

"आणि खऱ्याला विचारलंत?" अनुपमा विचारी.

"इन्शाल्ला, उद्या."

इकडे पात्राच्या नावाखाली एक आकडा वाढत होता. विजयकुमारांना वाटलं, आपण लिहिलेले शब्द मोजत असतील. शब्द नव्हते ते, गप्पा होत्या. सुजीतने त्याच ॲपमध्ये सहज कंपनीचं नाव शोधलं होतं आणि त्याला साहेब सापडले होते. आठवड्याभरात अर्धं ऑफिस जेवणाच्या सुट्टीत दयाळू फरदीनसाहेबांकडून पगारवाढ आणि रजा घेऊन तृप्त होऊन परतू लागलं.

गुरुवारी खऱ्या साहेबांनी विजयकुमारांना बोलावलं. टेबलावर फोन होता आणि फोनवर तेच ॲप.

"यह किसने बनाया, विजयभाई?"

विजयकुमारांनी खिशातलं पेन काढलं आणि परत लावलं.

"पूरा नाम. पासपोर्ट वाला. मेरे अब्बा का नाम भी," साहेब शांतपणे म्हणाले. "इस कंपनी में अब्बा का नाम एक ही आदमी लिखता है."

विजयकुमारांच्या डोळ्यांपुढून व्हिसा गेला, अजमानचं घर गेलं, अवनीची बोर्डाची परीक्षा गेली. मागे दार होतं, वर डावीकडे बाण नव्हता. "सर, मीच. मैंने ही बनाया," ते म्हणाले. "छुट्टी माँगने की प्रॅक्टिस करनी थी. पिताजी इक्यासी के हो रहे हैं. चौदह नवंबर. दस दिन."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण मागितलं.

"नवंबर में? हँडओव्हर है, विजयभाई," साहेब म्हणाले.

एरवी विजयकुमार इथेच सॉरी म्हणून वळले असते. आज त्यांचा उजवा अंगठा पँटच्या शिवणीवर आपोआप डावीकडे सरकला. "दस दिन, सर," ते पुन्हा म्हणाले.

"चार दिन ले लो."

अंगठा पुन्हा सरकला. "दस दिन, सर. दो बार पहले नहीं गया. इस बार जाना है."

बावीस वर्षांत हा आवाज साहेबांनी ऐकला नव्हता. "खलास, हो गया," ते म्हणाले. "जाओ. लेकिन पहले इसको बंद करो. सारा ऑफिस मुझसे छुट्टी ले चुका है."

विजयकुमारांनी स्वतःचा फोन काढला, पण ते बटण दोघांनाही सापडेना. दोन चष्मे एका फोनवर वाकले. शेवटी अवनीला फोन लावला. "बाबा, टॉप राइट, थ्री डॉट्स. मेक इट प्रायव्हेट," ती म्हणाली. ठिपके सापडले. विजयकुमार ते दाबणार, तोच साहेबांनी त्यांचा हात धरला.

"एक मिनिट." त्यांनी फोन जवळ ओढला आणि दोन बोटांनी हळूहळू टाइप केलं, 'मुझे भी छुट्टी चाहिए. अम्मी मुंबई में अकेली है. तीन साल से नहीं मिला.'

उत्तर लगेच आलं. 'महिनाभर जा, भाई! आधी आई, मग काम.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. पुढचं उत्तर बघायला त्यांनी अंगठा सरकवला नाही.

"आदमी तो अच्छा है," ते म्हणाले. मग विजयकुमारांकडे न बघता चष्मा पुसत म्हणाले, "दो अर्ज़ियाँ टाइप करो. मेरे अब्बा का नाम तो तुम्हें मालूम ही है."