श्रीखंडाच्या डब्यातली काडतुसं

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मूळच्या पुणेकर, चष्मेवाल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहस्थाने चौदा महिन्यांच्या चिंतनानंतर आपल्या बंदुकीसाठी काडतूस निश्चित केले आहे. कृपया सर्वांनी उभे राहावे.

गृहस्थ म्हणजे मीच. हसा. मीही हसतच सांगतो हे सगळीकडे. आता त्यात मजा उरलेली नाही, तरी सांगतो.

माझा शिकारीचा जोडीदार नागपूरचा. वीस वर्षांपूर्वी एका कंपनीत आमचे क्युबिकल शेजारी होते, आता मॉरिसव्हिलमध्ये घरं एका गल्लीत आहेत. अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर बाकीच्यांनी गोल्फ सुरू केलं, आम्ही शिकार. दोघांच्या बायकांनी एकमताने ठरवलं की आम्हाला वेड लागलं आहे, आणि फ्रीझरचा एक कप्पा वेगळा करून दिला.

आमचं स्वप्न होतं एल्क. एल्क म्हणजे सांबराचा धिप्पाड थोरला भाऊ. पश्चिमेकडच्या डोंगरी राज्यात त्याचा परवाना बाहेरच्यांना सहज मिळत नाही. दरवर्षी अर्ज करायचा, नाव निघालं नाही की एक पॉइंट मिळतो, पॉइंट साठले की कधीतरी नंबर लागतो. आम्ही दोघांनी मिळून एकच अर्ज केला होता, म्हणजे लागला तर दोघांचा, नाहीतर कोणाचाच नाही. आठ वर्षं काहीच लागलं नाही. नवव्या वर्षी लागणार हे मात्र दिसत होतं. आठवडाभराचा परवाना, आणि तो हातात पडला की साठलेले सगळे पॉइंट शून्य. तोवर मित्राच्या उजव्या गुडघ्याची वाट लागली होती. डॉक्टरांनी गुडघा बदलायची तारीख दिली, ती याने कॅन्सल केली. म्हणाला, "एल्क आधी, गुडघा नंतर. त्यानंतर मी काही अकरा हजार फुटांवर चढत नाही बे."

त्याच सुमारास मी बंदूक पावसात भिजवून आणली, ओल्या केसमध्ये तशीच गॅरेजमध्ये ठेवली आणि महिनाभर विसरलो. नळी आतून गंजली. बंदूक चांगली होती, जेमतेम सहा पौंडांची, डोंगर चढायला मुद्दाम घेतलेली. नवी नळी बसवायची ठरलं. नळी ज्या काडतुसाची, तेच तिच्यात चालतं. आणि नळी नवी तर काडतूसही नवं का नको, असं माझ्या डोक्यात आलं.

मित्राने चहाचा कप खाली ठेवायच्या आत निकाल दिला होता. "थर्टी-ऑट-सिक्सच ठेव. जुनी होती ती, अन् माझी आहे ती. डोंगरात एकाच्या गोळ्या हरवल्या तर दुसऱ्याच्या चालतात. विषय संपला."

विषय संपवणारी माणसं मला कधी आवडली नाहीत. मी एक्सेल उघडली. धक्का किती, वेग किती, पाचशे यार्डांवर गोळी किती खाली येते, वारा किती ढकलतो. एकशे ऐंशी यार्डांपलीकडे मी आयुष्यात कशावर गोळी झाडलेली नव्हती, पण पाचशेच्या रकान्यात तीन दशांश स्थळं होती. 'गोळ्या दुकानात मिळतात का' या रकान्याला मी शंभरात पाच गुण ठेवले होते. 'जोडीदाराशी जुळतं का' असा रकानाच नव्हता.

चौदा महिन्यांनी जिंकलं ते टू-एटी इम्प्रूव्ड. जरा बारीक गोळी, सरळ उडणारी, खांद्याला थोडी मऊ. शौकिनांचं काडतूस. नळी बसवणारा म्हातारा गनस्मिथ एका गॅरेजमध्ये काम करायचा. त्याने माझी एक्सेल हातात घेतली, चष्म्यावरून बघितली आणि विचारलं, "तुझा जोडीदार काय वापरतो?"

"थर्टी-ऑट-सिक्स."

"मग तेच कर ना."

मी त्याला पाचशे यार्डांचा रकाना दाखवला. त्याने खांदे उडवले आणि मी म्हटलं तशी नळी बसवून दिली. मित्राला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बरं." मला तेव्हा वाटलं, मी जिंकलो.

काडतुसं मी दोन खोके मागवली. एकेक काढून छोट्या काट्यावर वजन केलं, आत ठेवलं, पुन्हा काढलं. या लाडात पुठ्ठ्याची खोकी फाटली. मग मी तेच केलं जे आपल्या कुठल्याही घरात केलं जातं. ओट्याखाली रिकाम्या डब्यांची उतरंड असते, तिथून श्रीखंडाचा एक किलोचा डबा काढला. घट्ट झाकण, पाणी जात नाही. चाळीस काडतुसं बरोबर बसली. त्या डब्याकडे मी कौतुकाने बघितलं होतं, हे मला स्पष्ट आठवतं.

नवव्या वर्षी परवाना लागला. बायकोने आम्हाला विमानतळावर आणून सोडलं. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही बंदुकांचे कागद केले, मित्राच्या गोळ्यांची खोकी बघितली, मान डोलावली. मग माझा डबा उघडला.

"सर, हे काय आहे?"

"काडतुसं."

"झाकणावर डेझर्टचं चित्र आहे."

"डेझर्ट संपलं."

मागे रांगेत कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. काडतुसं त्यांच्यासाठी बनवलेल्या खोक्यातच न्यावी लागतात, सुटी नेता येत नाहीत, हा नियम होता. तो मित्राने मला आठवडाभर आधी मेसेजही केला होता. विमानतळाच्या पोलिसाने डबा ताब्यात घेतला. मित्र बाजूला उभा राहून बोर्डिंग पासकडे बघत होता. मी म्हटलं, "तिथे मिळतील की." तो म्हणाला, "हो."

तिथलं गाव म्हणजे एक पेट्रोल पंप, एक चर्च आणि एक दुकान. दुकानात जमिनीपासून छतापर्यंत काडतुसं होती. थर्टी-ऑट-सिक्सच्या तर सहा जाती. टू-एटी इम्प्रूव्ड म्हटल्यावर दुकानदाराने आदराने भुवया उंचावल्या. "ऐकलंय त्याबद्दल. इथे कोण घेणार?" पुढचं मोठं गाव तीन तासांवर होतं. तिथे फोन केला, तिथेही नाही.

इथे मित्राने मला शिव्या घालायला हव्या होत्या. नागपूरकराचा तो जन्मसिद्ध हक्क होता. त्याने चिप्सचं पाकीट घेतलं आणि गाडीत जाऊन बसला. रात्री तंबूत म्हणाला, "आपण दोघं माझ्या बंदुकीवर करू. पहिला चान्स तुझा." आणि मी, देवा, मी म्हटलं, "मारीन तर माझ्या बंदुकीने, नाहीतर नाही." रिकामी बंदूक खांद्याला लावून मी तीन दिवस त्याच्या मागे डोंगर चढत होतो. एवढी हलकी बंदूक इतकी जड लागू शकते, हे कुठल्या रकान्यात नव्हतं.

चौथ्या सकाळी बर्फात त्याचा गुडघा वळला. तो एका खडकाला टेकून बसला, चेहरा पांढराफटक. बंदूक माझ्याकडे सरकवत म्हणाला, "घे अन् वर जा. मला आता जमत नाही. तू तरी घेऊन ये."

मी म्हटलं, "नुसतं बघून येतो." आणि माझीच घेऊन वर गेलो.

कड्यावर पोचलो आणि तो समोर उभा होता. एल्क. सव्वाशे यार्ड, पूर्ण आडवा, शिंगांवर बर्फ. वारा माझ्याकडे. नऊ वर्षं तिथे उभी होती आणि गवत खात होती. मी बंदूक खांद्याला लावली, दुर्बिणीत त्याचा खांदा धरला आणि घोडा ओढला. खट्. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

खाली बसलेल्या मित्राला खडकाआडून त्याचं अंग दिसत नव्हतं, फक्त शिंगं दिसत होती. आणि मी.

त्यानंतर त्याने गुडघा बदलून घेतला. माझ्याबरोबर पुन्हा अर्ज केला नाही. एकट्यानेही नाही. गणपतीत भेटतो, मुलांची कॉलेजं विचारतो, मोदक घेतो, निघतो. बंदूक गॅरेजमध्ये आहे, आता कोरडी. पोलिसाने तो डबा पुढे परत केला, तोही तिथेच आहे.

पण त्या सकाळी, चार दिवस काडतुसांबद्दल चकार शब्द न काढलेला तो माणूस खडकाला धरून एका पायावर उठला, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि अख्ख्या दरीला ऐकू जाईल असा ओरडला. एल्क एका उडीत झाडीत गेला.

"अबे, एक्सेल दाखव ना त्याला!"